ऑसिलोस्कोपाशीं संभाषण

विद्युत् डोळ्यांस दिसत नाहीं. तारेंतून ती वाहत असो वा नसो, तार बाहेरून सारखीच दिसते. ऑसिलोस्कोप हें यंत्र या अदृश्य घडामोडीस चित्ररूप देतें. त्याच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ चालतो व खालून वर विद्युद्दाब चढतो; म्हणून क्षणोक्षणीं दाब कसा बदलला याची रेघ आपणांस एका दृष्टिक्षेपांत वाचतां येते. वरच्या इयत्तांतील आमच्या कांहीं वाचकांनीं हें यंत्र पाहिलेंही असेल. परंतु त्याच्या एकाही नॉबास हात न लावतां, शेजारच्या टेबलावरील किंवा शेंकडों मैल दूर असलेल्या संगणकावरून त्यास आज्ञा देतां येते व त्याच्याकडून उत्तर घेतां येतें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. या संभाषणाची रीत कशी, भाषा कोणती, आणि तींत सावधगिरी कोठें बाळगावी लागते, हें येथें यथामति सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राची थोडी पूर्वपीठिका पाहूं. १८९७ सालीं कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्यानें स्ट्रासबुर्ग येथें एक कांचेची नलिका तयार केली. तींत इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत चमकणाऱ्या पडद्यावर पडे व विद्युत्प्रवाहाच्या बदलाबरोबर तो झोत हालत असे. याच ब्राउन यांस १९०९ सालीं मार्कोनी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. तें मात्र बिनतारी संदेशाच्या कार्याबद्दल. पुढें त्या नलिकेभोंवतीं ऑसिलोस्कोप वाढला. १९४७ सालीं अमेरिकेंतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें ‘५११’ या क्रमांकाचा ऑसिलोस्कोप काढला. तरंग ठरविलेल्या उंचीस पोहोंचतांच चित्र काढण्यास आरंभ करावयाचा, ही ‘ट्रिगर’ नांवाची सोय त्यांत होती. तिच्यामुळें पडद्यावरील चित्र धांवत न सुटतां एका जागीं स्थिर राही.

आजचा ऑसिलोस्कोप झोतानें चित्र रेखाटीत नाहीं. तो तरंगाची उंची एका सेकंदांत कोट्यवधि वेळां मोजतो आणि प्रत्येक मापाचा अंक आपल्या स्मृतींत सांठवितो. पडद्यावरील रेघ ही त्या अंकांचीच आकृति होय. या एका फरकांत आमच्या विषयाचें मूळ आहे. रेघ पाहण्यास मनुष्याचा डोळा समोर असावा लागतो. अंक मात्र तारेवरून कोठेंही धाडतां येतो.

हें दुरून चालविणें कशाकरितां, असा प्रश्न कोणी करील. एकच माप घ्यावयाचें असेल तर हात व डोळे पुरेसे आहेत. परंतु एखादें मंडल निरनिराळ्या शंभर वारंवारतांवर तपासावयाचें असेल, तर शंभर वेळां नॉब फिरविणें, शंभर वेळां पडद्यावरचे चौकोन मोजणें व शंभर वेळां तें वहींत उतरणें प्राप्त होतें; साठाव्या मापापाशीं हात थकतो व सत्तराव्यापाशीं डोळा चुकतो. एखादी क्वचित् घडणारी घटना टिपण्यासाठीं रात्रभर जागें राहणें कठीण. आणि उच्च दाबाच्या यंत्रणेजवळ मनुष्यानें उभें राहणेंच धोक्याचें. अशा ठिकाणीं संगणक न कंटाळतां आज्ञा देत राहतो. तथापि जो कधीं कंटाळत नाहीं तो कधीं शंकाही घेत नाहीं; या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे आम्ही पुढें वळणार आहों.

संभाषणास आधीं वाट पाहिजे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें आपल्या उपकरणांस जोडण्यासाठीं एक सामाईक तारमार्ग योजिला. १९७५ सालीं तोच ‘आय-ट्रिपल-ई ४८८’ या नांवानें प्रमाण ठरला. त्यांत सोळा संकेतवाहक तारा असत. आठ मजकुरासाठीं, पांच व्यवस्थेसाठीं, व तीन केवळ शिष्टाचारासाठीं. एका मार्गावर नियंत्रक धरून पंधरा उपकरणें जोडतां येत, व सर्व केबलींची लांबी मिळून २० मीटरांपलीकडे जाऊं देत नसत. त्या शिष्टाचाराच्या तीन तारांची योजना मोठी मार्मिक होती. बोलणारा एका तारेवर ‘अक्षर तयार आहे’ असें सांगे. ऐकणारे दुसऱ्या दोन तारांवर ‘आम्ही सिद्ध आहों’ व ‘आम्हीं घेतलें’ असें कळवीत. आणि सर्वांत मंद ऐकणाराचें घेऊन झाल्यावांचून पुढचें अक्षर निघत नसे. हल्लीं या मार्गाची जागा बहुतेक ठिकाणीं यू-एस-बीची तार व इथरनेटचें जाळें यांनीं घेतली आहे. शाळेच्या ऐपतींतील ऑसिलोस्कोपासही पाठीमागें यू-एस-बीची खांच बहुधा असतेच.

परंतु वाट एक झाली म्हणून भाषा एक होत नाहीं. आरंभीं प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी. एकाचें उपकरण काढून दुसऱ्याचें लाविलें कीं सारा कार्यक्रम नव्यानें लिहावा लागे. यावर उपाय म्हणून १९८७ सालीं ‘४८८.२’ हें दुसरें प्रमाण निघालें. त्यानें संदेशांची ठेवण व सर्वांस समान अशा थोड्या आज्ञा ठरविल्या. त्यावर १९९० सालीं ‘कार्यक्रमाधीन उपकरणांच्या प्रमाण आज्ञा’ अशा अर्थाच्या नांवाची भाषा उभारली गेली. आद्याक्षरांवरून तीस ‘एस-सी-पी-आय’ म्हणतात, व बोलण्यांत ‘स्किपी’. तरीही ऑसिलोस्कोपांच्या बाबतींत पोटभाषा उरल्याच. कीसाइट कंपनीचें यंत्र पहिल्या वाहिनीस ‘चॅनेल१’ म्हणतें, तर टेक्ट्रॉनिक्सचें ‘सी-एच१’. म्हणून कोणत्याही यंत्राशीं बोलण्यापूर्वीं त्याची आज्ञांची पुस्तिका उघडणें हें पहिलें कर्तव्य होय.

आतां या भाषेचें व्याकरण पाहूं. यंत्राकडे जाणारीं अक्षरें रोमी असतात. येथें आम्ही त्यांचा केवळ उच्चार देवनागरींत देत आहों. आज्ञांची रचना वंशवृक्षासारखी असते. मूळ शब्द, त्यापुढें अपूर्णविराम, मग त्याची शाखा. ‘चॅनेल१:स्केल ५’ याचा अर्थ, पहिल्या वाहिनीचा पडद्यावरील प्रत्येक चौकोन ५ व्होल्टांचा धर. हीच आज्ञा प्रश्नचिन्ह लावून ‘चॅनेल१:स्केल?’ अशी धाडली कीं ती प्रश्न बनते, व यंत्र सध्यांचें मोल उत्तरीं धाडतें. दोन आज्ञा एका ओळींत द्यावयाच्या तर मध्यें अर्धविराम घालतात. प्रत्येक शब्दास पूर्ण व आंखूड अशीं दोन रूपें आहेत. आंखूड रूपांत पहिलीं चार रोमी अक्षरें घेतात, पण चौथें अक्षर स्वर असल्यास तीनच. आणि या दोहोंच्या मधलें तिसरें कोणतेंही रूप यंत्रास कळत नाहीं. एककें मूळचीं, म्हणजे व्होल्ट व सेकंद, धरलीं जातात. पांच मिलिसेकंद सांगावयाचे असतील तर ‘०.००५’ असें लिहावें. नुसता ‘५’ लिहिल्यास यंत्र तो पांच सेकंदांचाच समजणार.

सर्व उपकरणांस समान असलेल्या आज्ञांच्या आरंभीं तारकाचिन्ह असतें. ‘*आय-डी-एन?’ म्हणजे ‘तूं कोण?’ या प्रश्नास यंत्र चार गोष्टी स्वल्पविरामांनीं तोडून सांगतें: कारखान्याचें नांव, नमुन्याचा क्रमांक, स्वतःचा अनुक्रमांक, आणि आंतील कार्यक्रमाची आवृत्ति. ‘*आर-एस-टी’ नें यंत्र ठराविक मूळ स्थितींत येतें. ‘*सी-एल-एस’ नें जुन्या चुकांची नोंद पुसली जाते. संभाषणाचा आरंभ या तिहींनीं करावा. मागील मनुष्यानें यंत्र कोणत्या स्थितींत सोडलें होतें हें आपणांस माहीत नसतें. तेव्हां अज्ञात स्थितींतून निघण्यापेक्षां ज्ञात स्थितींतून निघणें शहाणपणाचें.

एक उदाहरण घेऊं. घरांतील विजेचा दाब उतरवून ६ व्होल्ट देणाऱ्या एका लहान ट्रान्सफॉर्मरचा तरंग मोजावयाचा आहे. (घरांतील विजेच्या तारांस ऑसिलोस्कोप प्रत्यक्ष कधींही जोडूं नये. त्याच्या प्रोबाचा जमिनीचा चिमटा भूमीशीं जोडलेला असतो. तो जिवंत तारेस लागल्यास मंडल लघुपथित होऊन यंत्राचा व मनुष्याचाही घात होऊं शकतो.) ६ व्होल्ट हें परिणामी मोल, शिखराची उंची त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारें ८.५ व्होल्ट, आणि शिखरापासून तळापर्यंतचें अंतर सुमारें १७ व्होल्ट. आपल्या देशांतील विजेची वारंवारता ५० असल्यामुळें एक तरंग २० मिलिसेकंदांचा होतो. पडद्यावर उभे आठ व आडवे दहा चौकोन असतात असें धरूं. प्रत्येक आडवा चौकोन ५ मिलिसेकंदांचा ठरविला तर एकंदर ५० मिलिसेकंद, म्हणजे अडीच तरंग, दिसतील. उभा चौकोन २ व्होल्टांचा धरला तर आठ चौकोनांत १६ व्होल्टच मावतील व तरंगाचें डोकें कापलें जाईल. ५ व्होल्टांचा धरला तर ४० व्होल्टांची जागा होऊन तो सुखानें मावेल. उगीच ५० व्होल्टांचा धरावा, तर तेंही बरें नव्हे. साधारण ऑसिलोस्कोप संपूर्ण उंचीचे २५६ भाग करून मोजतो. ४०० व्होल्टांचे २५६ भाग केले म्हणजे एक पायरी सुमारें दीड व्होल्टाची होते, व आपला सबंध तरंग जेमतेम अकरा पायऱ्यांवर चढतो.

यास्तव आज्ञा अशा जातील: ‘चॅनेल१:प्रोब १०’, ‘चॅनेल१:स्केल ५’, ‘टाइमबेस:स्केल ०.००५’, मग ‘सिंगल’, म्हणजे एकच तरंगचित्र टीप, आणि शेवटीं ‘मेझर:व्ही-पी-पी?’, म्हणजे शिखरापासून तळापर्यंतचें अंतर किती? यांतील पहिली आज्ञा विसरूं नये. प्रोब दाबाचा दशांशच आंत जाऊं देत असेल व यंत्रास तें सांगितलें नसेल, तर १७ व्होल्टांऐवजीं १.७ असें उत्तर येईल, आणि यंत्राच्या दृष्टीनें तेंच खरें असेल.

येथपर्यंत सर्व सोपें दिसतें. परंतु ऑसिलोस्कोपाच्या संभाषणांतील खरी अडचण येथेंच सुरू होते. ‘सिंगल’ ही आज्ञा यंत्रानें ऐकली म्हणजे ती पार पडली असें नव्हे. ट्रिगरची वाट पाहण्यांत व अंक गोळा करण्यांत वेळ जातो; संगणक तेवढ्यांत पुढील प्रश्न विचारून मोकळा होतो. अशा वेळीं कांहीं यंत्रें आधींच्या तरंगचित्रावरून मोजलेलें माप उत्तरादाखल देतात. तें माप नीटनेटकें, संभाव्य, व चुकीच्या क्षणाचें असतें. पन्नास निरनिराळ्या स्थितींत माप घेणाऱ्या कार्यक्रमांत असें घडलें तर प्रत्येक माप एका ओळीनें मागें सरकतें, आणि त्यांवरून काढलेला आलेख इतका सुरेख दिसतो कीं कोणास संशय म्हणून येत नाहीं.

यासाठीं ‘*ओ-पी-सी?’ हा प्रश्न आहे. त्याचा अर्थ, ‘सांगितलेलें काम झालें काय?’ यंत्र ताबडतोब ‘नाहीं’ म्हणत नाहीं. हातचें काम संपेपर्यंत तें मुकाट राहतें, व संपल्यावर ‘१’ एवढेंच उत्तर देतें. तें ‘१’ हातीं आल्याखेरीज पुढील प्रश्न करूं नये. मात्र टिपण्याचें काम या हिशेबांत धरलें जातें कीं नाहीं, हें त्या यंत्राच्या पुस्तिकेंतच पाहावें लागतें. शिवाय ट्रिगर आलाच नाहीं तर उत्तरही येणार नाहीं. म्हणून संगणकानें किती वेळ वाट पाहावी याची मर्यादा घालून द्यावी. पायथन भाषेंतून उपकरणांशीं बोलण्याचें ‘पाय-व्हिसा’ नांवाचें प्रसिद्ध साधन आहे. त्यांत ही मर्यादा न सांगितल्यास दोन सेकंदांची असते. सावकाश चालणाऱ्या मोजणीस ती अपुरी पडते, आणि मग कार्यक्रम ‘उत्तर नाहीं’ म्हणून थांबतो. यंत्र बिघडलें असें नव्हे, विचारणारा उतावीळ झाला इतकेंच.

यंत्र आपल्या चुकांची यादीही ठेवतें. आज्ञेचा शब्द ओळखतां आला नाहीं तर तें ओरडत नाहीं. ती आज्ञा सोडून देतें व यादींत उणें ११३ हा क्रमांक लिहून ठेवतें. दिलेलें मोल मर्यादेबाहेरचें असेल तर उणें २२२. एका प्रश्नाचें उत्तर वाचून घेण्यापूर्वीं दुसरें बोलणें सुरू केलें, तर पहिलें उत्तर टाकून देऊन उणें ४१०. आणि प्रश्न न विचारतांच उत्तर मागितलें, तर उणें ४२०. ‘सिस्टम:एरर?’ असें विचारलें म्हणजे सर्वांत जुनी चूक प्रथम, याप्रमाणें एकेक बाहेर येते; शून्य आलें कीं यादी संपली. जो कार्यक्रम हा प्रश्न कधींच विचारीत नाहीं, त्याच्या दृष्टीनें चूक कधीं घडतच नाहीं. कांहीं यंत्रें मर्यादेबाहेरचें मोल नाकारण्याऐवजीं जवळच्या योग्य मोलावर आणून ठेवतात. म्हणून स्केल ठरविल्यावर तेंच स्केल पुन्हां विचारून पाहणें ही चांगली संवय होय.

आणखी एक विचित्र अंक येथें सांगितला पाहिजे. तरंग पडद्याबाहेर गेला, किंवा मोजण्याजोगा तरंगच नसला, म्हणजे पुष्कळ ऑसिलोस्कोप ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असें प्रचंड मोल धाडतात. तें माप नव्हे. ‘मोजतां आलें नाहीं’ असें सांगण्याचा तो संकेत आहे. परंतु संगणकास तो केवळ एक अंक. ९९ मापें १७ व्होल्टांच्या आसपास व एक माप असें, यांची सरासरी काढली तर ती सूर्यमालेंतील कोणत्याही विजेस शोभणार नाहीं अशी येते. ही चूक निदान मोठी आहे म्हणून सांपडते. मघांची शिळ्या मापाची चूक लहान आहे, म्हणून ती अधिक वाईट.

कित्येकदां एका मापानें भागत नाहीं. सबंध तरंगच संगणकांत आणावा लागतो. ‘वेव्हफॉर्म:डेटा?’ असें विचारलें म्हणजे यंत्र सर्व बिंदूंचे अंक एका गठ्ठ्यांत धाडतें. गठ्ठ्याच्या तोंडीं आडव्याउभ्या रेघांची चौकट असते, पुढें एक आंकडा, मग संख्या. ‘#४१०००’ याचा अर्थ, पुढील चार आंकड्यांत संख्या आहे, ती संख्या १०००, आणि त्यानंतर नेमकीं १००० मोलें येतील. ही खटपट अशासाठीं कीं, साध्या मजकुरांत ओळ संपल्याची खूण १० या मोलाची असते. तरंगाच्या एखाद्या बिंदूचें मोलही नेमकें १० असूं शकतें, व संख्या न मोजतां वाचणारा तेथेंच थांबून अर्धा तरंग घेऊन घरीं जातो.

हीं मोलें व्होल्ट नव्हेत; तीं ० पासून २५५ पर्यंतच्या पायऱ्या आहेत. त्यांचा अर्थ लावण्याची किल्ली ‘प्रीअँबल’ नांवाच्या वेगळ्या उत्तरांत असते. कीसाइट पद्धतींत पायरींतून संदर्भ-पायरी वजा करावी, एका पायरीच्या व्होल्टांनीं गुणावें, व आरंभीचा दाब मिळवावा. आपल्या उदाहरणांत ४० व्होल्टांचे २५६ भाग, म्हणजे एक पायरी ०.१५६२५ व्होल्टाची, संदर्भ-पायरी १२८, व आरंभीचा दाब शून्य असें धरूं. १८२ हें मोल आलें तर १८२ उणें १२८ म्हणजे ५४, त्यास ०.१५६२५ नें गुणिलें म्हणजे ८.४४ व्होल्ट. आपण अपेक्षिलेल्या ८.५ व्होल्टांच्या शिखराशीं हें एका पायरीच्या आंत जुळतें. काळाचाही हिशेब असाच. ५० मिलिसेकंदांत १००० बिंदु असतील तर दोन बिंदूंमधील अंतर ५० मायक्रोसेकंद.

या सर्व विवेचनांतून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. आज्ञा देणें हा या विद्येचा लहान भाग आहे. विचारून खात्री करून घेणें हा मोठा भाग आहे. तूं कोण, सांगितलेलें स्केल घेतलेंस काय, काम पुरें झालें काय, कांहीं चुकलें काय, हे चार प्रश्न ज्या कार्यक्रमांत आहेत त्याच्या अंकांवर विसंबतां येतें. ज्यांत नाहींत त्याचे अंक कितीही दशांशस्थळांपर्यंत असले तरी ते केवळ अंक. ‘यंत्र खोटें बोलत नाहीं’ असें लोक म्हणतात. त्यांत अर्धेंच तथ्य आहे. यंत्रास खरें व खोटें यांतील भेदच ठाऊक नाहीं. जीं अक्षरें त्यास पोहोंचलीं त्यांचें उत्तर तें देतें, मग तीं अक्षरें आपल्या मनांतील हेतूशीं जुळोत वा न जुळोत. खरेपणाची जबाबदारी विचारणारावर असते, व ती कोणत्याही तारेवरून दुसऱ्याकडे धाडतां येत नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, संगणकाकडून माप लिहवून घेतांना नुसतें माप लिहवूं नये. त्याच्या शेजारीं यंत्राचें नांव, स्केल, प्रोबाचें प्रमाण, वेळ, व चुकांच्या यादींतून आलेलें शून्य, हेंही लिहवावें. वर्षभरानें ती वही दुसरा कोणी उघडील, तेव्हां १७ या अंकावर विश्वास कां ठेवावा, याचें उत्तर त्यास त्याच पानावर मिळालें पाहिजे.